पिशवीमावशीची नववी पिढी

माझी मावशी घाबरण्याच्या कामावर होती. हे मी थोडं चेष्टेने म्हणते, पण खरंच आहे. बियाणे केंद्रात तिच्याहून हुशार माणसं पुष्कळ होती, तिच्याइतकं घाबरट मात्र कुणी नव्हतं, आणि त्या कामाला हुशारीपेक्षा घाबरटपणाच जास्त लागायचा. बावीस वर्षं तिने तो मन लावून केला.

तिच्या घरी जाल तर प्रत्येक वस्तू बटर पेपरच्या पिशवीत सापडायची. साबणाची वडी, जादा किल्ली, टीव्हीचा रिमोट, माझे लहानपणचे पडलेले दोन दात. पिशवीचं तोंड दुमडलेलं, त्यावर क्लिप, क्लिपखाली चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख. पाच वर्षांची असताना मी तिला पिशवीमावशी म्हणायला लागले आणि पुढे तिच्या केंद्रातले लोकही म्हणायला लागले. बाबा तिला भागूबाई म्हणायचे. भित्री भागूबाई. आई गेल्यावर मावशी दर सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे यायची, माझ्या वेण्या घालायची, गॅस बंद आहे का ते तीनदा बघायची आणि परत जायची.

पिशव्यांची सवय कामातून आलेली. तिथे पराग लावलेल्या फुलोऱ्यावर तशी पिशवी चढवून तारीख लिहायची. केंद्रात भांगेच्या झाडांवर काम चालायचं. ऐकणाऱ्याच्या भुवया इथेच वर जातात, म्हणून लगेच सांगते, नशा वाढवायचं नाही, काढून टाकायचं काम. नाल्याच्या काठाने आपोआप उगवणारी रानभांग असते ना, ती फार चिवट. तिला कीड लागत नाही, बुरशी लागत नाही, तिचा धागा हातभर लांब आणि बळकट निघतो. पण तिच्यात नशेचा अंमल असतो, त्यामुळे ती लावणं गुन्हा. दुसरी माणसाळलेली भांग, केवळ धाग्यासाठी वाढवलेली. तिच्यात अंमल नावालाही नाही, पण चार दिवस ढगाळ गेले की ती माना टाकते. या दोघींचा संकर करायचा, निघालेल्या रोपांना पुन्हा माणसाळलेल्या जातीचा पराग लावायचा, त्यांच्या रोपांना पुन्हा. दर पिढीला अंमल कमी करत जायचं आणि चिवटपणा मात्र हातचा जाऊ द्यायचा नाही. मावशीने अशा आठ पिढ्या काढल्या होत्या. नववी पिढी केंद्राबाहेर लावायला द्यायची ठरली होती.

भांगेत नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. केंद्रात दोन काचघरं होती, मादी-घर आणि नर-घर. रानटी वाण मरू नये म्हणून रानभांगेचे नर अजून नर-घरात ठेवलेले. पिवळ्या पिठासारखा त्यांचा पराग. हवेच्या झुळकीवर जातो, केसात बसतो, नखात बसतो. त्यातला चिमूटभर मादी-घरात शिरला की आठ पिढ्यांचं काम मातीत. म्हणून एकच नियम होता. सकाळी मादी-घर, दुपारी नर-घर. नर-घरात पाय ठेवला की त्या दिवशी मादी-घराकडे बघायचंसुद्धा नाही. घरी जायचं, डोक्यावरून अंघोळ करायची, कपडे भिजत घालायचे. पराग पाण्याने मरतो. मावशी चष्माही नळाखाली धरायची आणि चपला बादलीत बुडवायची. मी तिला म्हणायचे, तू तेवढी पिशवीत जाऊन बस आणि क्लिप लाव.

बाबांचा दोरखंडाचा कारखाना होता. कारखाना म्हणायचं, होती एक लांबट शेड, तीन फिरक्या आणि आम्ही दोघं. बाबांच्या हातचा पीळ असा की दोर हातात घेतला तर लोखंडाची सळई वाटावी. माझा पीळ सैल. "सैल आहे, सैल आहे," हे मी इतक्यांदा ऐकलंय की बाबांनी मला हाक मारली तरी मला तेच ऐकू यायचं. ते तेवढ्यावर थांबायचेही नाहीत. बाबांच्या जिभेला हाड नाही, आणि ती जीभ माझ्याकडे वारशाने आलीय.

मावशीची नववी पिढी लावायला पहिला माणूस हवा होता आणि बाबांना धागा हवा होता. शेडच्या मागे कुंपण घातलेला तुकडा होता. परवाना मिळाला. सहाशे झाडं, प्रत्येक झाडाला नंबराचा बिल्ला, वाळलेलं झाडसुद्धा बिल्ल्यासकट दाखवायचं. फुलोऱ्याच्या वेळी तपासनीस येऊन नमुने नेणार. अंमल मर्यादेच्या वर निघाला तर परवानाधारकाने नशेचं पीक लावलं असं धरून अटक. दोराच्या आडून दुसराच धंदा करणारी माणसं पूर्वी सापडली होती, त्यामुळे तपासनीस कुणाचंच ऐकून घेत नसत.

बाबांनी परवान्यावर सही करण्याआधी मावशीने त्यांना तीन वेळा अडवलं. "भावजी, दुसऱ्या कुणाला तरी लावू द्या आधी."

"का? बियात खोट आहे?"

"खोट नाही. पण भीती वाटते."

"तुझ्या हातचं बी आहे भागूबाई. तू घाबरतेस म्हणूनच मी घाबरत नाही," बाबा म्हणाले आणि त्यांनी सही ठोकली.

बी तयार झालं त्याच हंगामात मी एक गोष्ट केली होती. मावशी चष्मा सारखा विसरायची. मी शेडमधल्या उरलेल्या धाग्यांची बारीक दोरी वळली आणि चष्म्याच्या दोन्ही काड्यांना बांधून तिच्या गळ्यात घातली. मी स्वतःहून कुणासाठी वळलेली ती पहिली दोरी. मावशी इतकी हरखली की तिने ती आरशात दोनदा पाहिली. मी तिला बजावलं, "भिजवू नकोस हं, आखडेल." त्या वेळी हे बोलणं माझ्या लक्षातही राहिलं नाही.

बाबांच्या तुकड्यातली झाडं खांद्याला लागली तेव्हा सगळं छान होतं. तपासनीस यायला आठ दिवस होते. सुट्टीचा दिवस होता, मावशी आली, हातपाय धुऊन मागे गेली. मी तिच्या मागोमाग चहाचा कप घेऊन गेले. ती दुसऱ्या ओळीत शिरली, चार पावलं चालली आणि थांबली. एका झाडाचं पान तिने दोन बोटांत चुरडलं आणि बोटं नाकाशी नेली. मग पुढच्या झाडाचं. मग पाच-सहा झाडं सोडून एकाचं. मी तिचा चेहरा बघत होते. तो पांढरा पडत गेला आणि तिने कुंपणाचा खांब धरला.

"काय झालं?"

"बाबांना बोलाव."

तिने सगळ्या ओळी हिंडून मोजलं. सहाशेपैकी एकेचाळीस झाडं तिला रानटी वाटत होती. पानं जरा गडद, खोड जरा जाड, आणि वास. मलाही आला तो वास, उग्र, टाळ्याला चिकटणारा. आठवडाभर मी त्या वासात दोर वळत होते आणि मला वाटत होतं, झाडं जोमात आहेत.

बाबांनी विळा उचलला. "एकेचाळीस ना? आत्ता उपटतो."

"बिल्ले आहेत त्यांना भावजी. एकेचाळीस झाडं नाहीशी झाली तर कुठे गेली ते विचारतील. लपवून ठेवलीत म्हणतील, विकलीत म्हणतील."

"मग राहू दे. सहाशेतली दहा घेणार ते. नशिबात असेल तर चांगली दहा येतील."

"ते उंच आणि हिरवीगार बघून घेतात," मावशी म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की बाबांना पुढे वाकावं लागलं. "मला दोन दिवस द्या. हात लावू नका कशाला."

ते दोन दिवस मी विसरू शकत नाही. दुपारी पाण्याची गाडी फाटकापाशी थांबली आणि तिचा दरवाजा धाडकन वाजला, तेव्हा माझ्या हातून फिरकी सुटली आणि अर्धा दोर उलगडला. बाबा सैलसुद्धा म्हणाले नाहीत. त्याची मला जास्त भीती वाटली. ते शेडच्या दारात स्टूल टाकून बसले होते आणि रस्त्याकडे बघत होते. मध्येच त्यांनी मला बोलावून कुठल्या कपाटात कुठले कागद आहेत ते दाखवलं, कुठल्या गिऱ्हाइकाचा कुठला दोर राहिलाय ते सांगितलं. लांबच्या गावाला निघालेला माणूस सांगतो तसं. मी मान हलवत होते आणि एकही शब्द डोक्यात शिरत नव्हता. एक गिऱ्हाईक झोपाळ्यासाठी दोर मागायला आलं. साधासुधा माणूस, मुलीसाठी झोपाळा बांधायचा म्हणत होता. मी त्याच्या बुटांकडे बघत राहिले, सरकारी वाटतात का ते.

मावशीचा फोन लागत नव्हता. मी तिच्या खोलीवर जाऊन आले, कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, पहाटेच केंद्रावर जाते, अंधार पडल्यावर येते, जेवणाचा डबा तसाच परत आणते.

तिसऱ्या दिवशी सकाळी दोन गाड्या आल्या. दहा वाजले असतील. बाबा स्टुलावरून उठले, त्यांनी शर्टाची वरची बटणं लावली आणि चपला घातल्या. मला म्हणाले, "रडायचं नाही. कागद कुठे आहेत ते लक्षात आहे ना?" पुढच्या गाडीतून तपासनीस उतरला, मागच्या गाडीतून केंद्राचे साहेब आणि हातमोजे घातलेले चार कामगार. मावशी नव्हती.

साहेबांनी घसा खाकरला. "बियाण्यात आमच्याकडूनच भेसळ झालीय. कर्मचाऱ्याने तसं लेखी दिलंय. पीक आम्ही आमच्या देखरेखीखाली नष्ट करणार. परवानाधारकाचा यात दोष नाही."

बाबांनी ते वाक्य त्यांना पुन्हा म्हणायला लावलं. माझा जीव भांड्यात पडला, आणि लगेच मी विचारलं, "कुठल्या कर्मचाऱ्याने?"

साहेबांनी कागद दाखवला. मावशीचं बारीक, सुबक अक्षर, तिच्या चिठ्ठ्यांवर असायचं तेच. 'नर-घरातून काम आटोपून मी कपडे न बदलता मादी-घरात गेले. नियम मला माहीत होता. कंटाळा केला.' खाली सही आणि तारीख.

कामगारांनी झाडं उपटायला घेतली. तपासनीस मात्र शेडमध्ये हिंडत राहिला. त्याला समाधान झालं नव्हतं. त्याने दोर चाचपले, फिरक्यांखाली वाकून बघितलं, आणि भिंतीवर टांगलेल्या बारीक दोऱ्यांपाशी येऊन थांबला. "इतकी बारीक दोरी कशाला लागते?"

"किल्लीला, शिट्टीला, चष्म्याला," मी म्हणाले.

त्याने एक दोरी बोटांत फिरवून पाहिली, सोडून दिली आणि बाहेर गेला. सहाशे बिल्ले मोजून झाले, खड्ड्यात झाडं पेटवली, ती पूर्ण जळेपर्यंत कुणी हललं नाही. बाबा वाऱ्याच्या उलट्या बाजूला उभे होते.

संध्याकाळी मी मावशीच्या दारात गेले. तिला त्याच दिवशी कामावरून काढलं होतं. बावीस वर्षांचं सामान एका खोक्यात मावलं होतं आणि खोकं अजून उंबऱ्याशी होतं. तिने दार उघडलं, माझ्याकडे बघून तिचा चेहरा उजळला, म्हणाली, "भावजी घरी आहेत ना? घरीच आहेत ना?"

तेव्हा मी थांबायला हवं होतं. पण दोन दिवसांची भीती माझ्या अंगात साचली होती आणि तिला कुठेतरी बाहेर पडायचं होतं. मी म्हणाले, "आयुष्यात एकच नियम होता तुला पाळायला. गॅस तीनदा बघतेस, चपला बादलीत बुडवतेस, आणि नेमकं बाबांच्या बियाला कंटाळा आला? ते तुरुंगात गेले असते. तुझ्या भरवशावर त्यांनी सही केली होती."

खोक्याचं झाकण तिने नीट लावलं. मी पाठ फिरवून निघून आले.

मी बोलले तेच बाबाही बोलले, माझ्यापेक्षा वाईट बोलले. वर्षभर त्यांनी तिला घरात घेतलं नाही. मग हळूहळू तिचं येणं सुरू झालं, पण त्यांनी तिला पुन्हा कधी भागूबाई म्हटलं नाही. मावशीला एका फुलांच्या दुकानात काम मिळालं. गुच्छांना कागद गुंडाळायचा. तिथेही ती प्रत्येक गुच्छाला तारीख लावायची आणि मालक डोक्याला हात लावायचा.

याला सहा वर्षं झाली. मागच्या महिन्यात तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी एका डोळ्यावर, दुसऱ्यासाठी जुना चष्मा हवा होता. तिने मला तिच्या खोलीवर पाठवलं, म्हणाली वरच्या खणात आहे. वरच्या खणात वीस-पंचवीस पिशव्या होत्या, चष्मा दिसेना. मी खालचा खण ओढला. त्यात एकच पिशवी होती, तळाशी, कागदाखाली. बटर पेपर पिवळा पडलेला, क्लिपला गंज चढलेला. चिठ्ठीवर तारीख होती, गाड्या आल्या त्याच्या आदल्या दिवसाची. खाली तिचं अक्षर.

'चष्म्याची दोरी. भिंगाखाली पाहिली. धाग्यात रानटी पराग. उघडू नये.'

मी खाली बसले. बटर पेपरमधून दोरी दिसत होती. सैल पीळ, जागोजागी सुटलेले धागे, त्या धाग्यांत काहीही अडकून बसलं असतं. अंगातले कपडे तिने भिजत घातले होते, केस धुतले होते, चष्मा नळाखाली धरला होता. ही एवढी दोरी तिने काड्यांवरून सोडून कोरडी ठेवली होती आणि सकाळी पुन्हा गळ्यात घालून मादी-घरात गेली होती, कारण मी सांगितलं होतं, भिजवू नकोस. मग मला तपासनीस आठवला, त्याच्या बोटांतली दोरी आठवली, आणि मी त्याला दिलेलं उत्तर आठवलं. सहा वर्षं उलटल्यावर त्या खोलीत बसून मला दरदरून घाम फुटला.

दवाखान्यात मी तिला चष्मा दिला. वरच्या खणात मागच्या बाजूला होता तो. पिशवीही पर्समधून काढून तिच्या पांघरुणावर ठेवली. तिने एका डोळ्याने पाहिलं आणि तिचा हात आपोआप गळ्याशी गेला.

"वरच्या खणात बघ म्हटलं होतं ना तुला?" ती म्हणाली.

"तू नर-घरातून थेट गेलीच नव्हतीस."

"नाही गं. मी कशी जाईन?"

तिने ते इतकं साधं म्हटलं की मला रडू आलं. मी विचारलं, "मग तसं का लिहून दिलंस?"

"दोरी लिहिली असती तर दोरी कुठली हे पहिलं विचारलं असतं. ज्याच्याकडे बी लावायला द्यायचं, त्याच्याच घरून आलेली दोरी. मुद्दाम केलंत म्हणाले असते. भावजींना तर नेलंच असतं, आणि तुलाही." ती चष्म्याची काडी उघडमीट करत होती. "मला काही सुचत नव्हतं. इतकी भीती मला कधीच वाटली नव्हती."

"आणि मी तुला दारात येऊन बोलले."

"बोललीस ना. ते ऐकून मला धीर आला. म्हटलं, हिलासुद्धा खरं वाटलं, म्हणजे कुणालाच शंका येणार नाही."

मी तिचा हात धरला. मग तिने विचारलं, "पिशवी उघडलीस का?"

"नाही. पण पराग तर काही दिवसांत मरतो, तूच सांगायचीस."

"परागाचं काही नाही. भावजींना कळायला नको. त्यांच्या तोंडाचं तुला माहीत आहे. तुझा पीळ सैल होता म्हणून झालं, असं जन्मभर ऐकवत बसतील तुला." तिने पिशवी उशीखाली सरकवली. "जाळून टाकायला हवी होती. पण तू वळलेली, म्हणून टाकवली नाही."

बाबांना सांगणार नाही, असा मी तिला शब्द दिला. तो मी मोडणार आहे. हे सगळं लिहून काढलं ते त्यासाठीच. बाबांना आता बारीक अक्षर वाचता येत नाही, म्हणून उद्या सकाळी शेडमध्ये त्यांच्या स्टुलासमोर बसून मी त्यांना हे मोठ्याने वाचून दाखवणार आहे, 'भिजवू नकोस' या वाक्यासकट. त्यांनी मला काय म्हणायचं ते म्हणावं. मावशीला त्यांनी पुन्हा एकदा भागूबाई म्हणावं, एवढंच मला हवं आहे. मला फार भीती वाटते आहे.